घट्टा आधी चपलेत शोधा

(दृश्य: उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेली जुनी चप्पल. कॅमेरा आतल्या तळावर.)

चवड्याखाली घट्टा पडला असेल, तर आधी रोजची चप्पल हातात घ्या. बोटांच्या मुळाशी एखादी जागा काळपट, गुळगुळीत आणि खोलगट झालेली दिसेल. घट्टाही बहुधा नेमका तिथेच असतो. वरून हाड दाबतं, खालून तळ दाबतो आणि मधली कातडी स्वतःला वाचवायला जाड होते. चप्पल तीच ठेवून नुसता घट्टा घासलात, तर काही आठवड्यांत तो पुन्हा हजर.

(दृश्य: तळवा, अगदी जवळून.)

घट्टा पसरट, कडा पुसट. कुरूप लहान, मधोमध टणक खिळा. वरून दाबलं की कळ मस्तकात जाते. चामखीळ ओळखायची ती रेषांवरून. घट्ट्यावरून कातडीच्या रेषा सरळ पुढे जातात, चामखिळीपाशी त्या तुटतात. बारीक काळे ठिपके दिसतात, चिमटीत धरली की दुखते. ती विषाणूमुळे होते, तिला वज्री लावूच नका.

(दृश्य: चपलांचं दुकान, संध्याकाळ.)

खरेदी संध्याकाळी करा. दिवसभरात पाय थोडे फुगतात. घरून निघताना कागदावर उभं राहून दोन्ही पायांच्या कडा पेन्सिलीने आखून न्या. बूट त्या आकृतीवर ठेवा. रेघ बाहेर डोकावत असेल, तर बूट अरुंद आहे. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचं म्हणणं सोडून द्या. सर्वांत लांब बोटापुढे साधारण 1 सेंटीमीटर जागा हवी. फार सैल चप्पलही नको. ती सुटू नये म्हणून बोटं सतत आखडतात आणि त्यांच्या टोकांना घट्टे पडतात. मागे पट्टा असलेली सँडल बरी. कोल्हापुरी कितीही देखणी असली, तरी तिचा तळ कडक. घट्टा असेपर्यंत ती लग्नकार्यापुरतीच. रोजच्यासाठी मऊ रबरी तळाची एमसीआर चप्पल घ्या. फरशीवर तासन्‌तास स्वयंपाक करणाऱ्यांनी ती घरातही घालावी.

(दृश्य: घमेल्यातले पाय, शेजारी वज्री.)

पाय कोमट पाण्यात 10 मिनिटं बुडवा. मग वज्री एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवा. एका दिवसात सगळा घट्टा काढायचा हट्ट धरला, की कातडी सोलवटते. गुलाबी त्वचा दिसण्याआधीच थांबा. पाय टिपून, किंचित ओलसर असतानाच 20 ते 25 टक्के युरियाचं क्रीम लावा, बोटांच्या बेचक्या सोडून. खोबरेल तेलाने ओलावा टिकतो, पण जाड थर सैल करायला युरियाच हवा. भेगा चिरलेल्या असतील तर युरिया झोंबतो. त्या भरेपर्यंत साधं व्हॅसलिन.

ब्लेड नको. कॉर्न कॅपमध्ये, म्हणजे कुरुपावर चिकटवायच्या औषधी पट्टीत, सॅलिसिलिक आम्ल असतं. पट्टी सरकली की शेजारची चांगली कातडी पांढरी पडून सोलते.

(दृश्य: आरशात तळवा पाहणारे आजोबा.)

मधुमेह असेल, पाय बधिर असतील किंवा पायांचा रक्तपुरवठा कमी असेल, तर वज्री आणि कॉर्न कॅप दोन्ही वर्ज्य. पाय गरम पाण्यात बुडवून ठेवू नका. चटका बसला तरी कळत नाही. तळवे रोज आरशात पाहा. घट्ट्याखाली काळसर-लालसर डाग, ओल किंवा वास आला, तर आत जखम असू शकते. दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना रोजची चप्पलही सोबत न्या.