मिस्त्रीला विमा विचारलात का?

नमस्कार श्रोतेहो.

घरात काम काढलं की मिस्त्रीला आपण दोन गोष्टी हमखास विचारतो: कितीत करणार आणि कधी आटपणार. विम्याचं विचारायला मात्र जीभ रेटत नाही. माणूस कुणाच्या तरी ओळखीतून आलेला असतो, शेजारच्यांकडे त्यानं चोख काम केलेलं असतं. मग त्याच्यावर संशय घेतल्यासारखं कशाला वागायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते अशा वेळी आठवावं. खरं तर यात संशयाचा प्रश्नच नाही. चोख काम करणाऱ्याच्या हातूनही पाइप फुटतो, त्याचाही पाय शिडीवरून सटकतो. मग भरपाई कुणाच्या खिशातून जाणार, एवढंच आधी ठरवून घ्यायचं असतं.

समजा, प्लंबर भिंतीलगत तांब्याचा पाइप डाख देऊन जोडतोय. हातात गॅसची ज्योत आहे. तांबं उष्णता झपाट्यानं वाहून नेतं, त्यामुळे ज्योत लागते एका जागी आणि तापतो पाइपचा भिंतीच्या आतला भाग. आत लाकडाची पट्टी असेल, जुना भुसा साचलेला असेल, तर तो लगेच पेट घेत नाही, नुसता धुमसत राहतो. बाहेर काही कळत नाही. पाणी सुरू करून दाखवतात, सांधा कोरडा असतो, पैसे घेऊन मंडळी निघून जातात. आग दिसते ती कधीकधी काही तासांनी, घरात निजानीज झाल्यावर. म्हणूनच ज्योतीचं किंवा वेल्डिंगचं काम झालं की तिथे थांबून लक्ष ठेवायचं, असा दंडक आहे. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकात हा पहारा पूर्वी किमान अर्ध्या तासाचा होता, २०१९च्या आवृत्तीत तो एक तासाचा केला. काम संपल्यावर तासभर भिंतीकडे बघत बसलेला प्लंबर मी तरी क्वचितच पाहिलाय.

यावर कुणी म्हणेल, माझ्या घराचा विमा आहे की! असेल, आणि आगीचे पैसे मिळतीलही. पण सुरुवातीची ठरावीक रक्कम तुम्हालाच सोसावी लागते. शिवाय बऱ्याच पॉलिसींमध्ये निकृष्ट कामाचा खर्च वगळलेला असतो, महिनोन्‌महिने झिरपणाऱ्या पाण्याचं नुकसान वगळलेलं असतं, आणि घरात मोठी तोडफोड सुरू असेल तर ते विमा कंपनीला आधी कळवायचं अशी अट असते. ही अट बारीक अक्षरात असते आणि दावा दाखल केला की एकदम ठळक होते. खालच्या मजल्यावरच्या माणसाचं छत भिजलं, तर तो तुमच्याच दारात येणार. तुमच्या प्लंबरला त्यानं कधी पाहिलेलंही नसतं.

मालमत्तेचं झालं. माणसाचं काय? तीन मीटर उंचीवरून माणूस पडला तर एका सेकंदाच्या आत जमिनीवर आदळतो, ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगानं. एवढ्यात मणका मोडतो, माणूस जन्माचा अधू होतो. पूर्वी अशा कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे, आणि ती सिद्ध करणं त्याच्या आवाक्याबाहेर असे. जर्मनीत १८८४ साली अपघात विम्याचा कायदा आला, ब्रिटनमध्ये १८९७ साली भरपाईचा. कामावर झालेल्या इजेचा खर्च धंद्यानं उचलायचा, हे तत्त्व तेव्हापासून रुजलं. विमा न काढणारा कंत्राटदार या तत्त्वातून अलगद निसटतो. त्याच्या दरपत्रकातला आकडा कमी दिसतो तो बऱ्याचदा यामुळेच: हप्ता त्यानं भरलेला नसतो आणि जोखीम तुमच्या आणि शिडीवरच्या पोराच्या गळ्यात असते. कायदे देशोदेशी वेगळे आहेत. पण रोजंदारीवरचा माणूस तुम्हीच आणला, शिडी तुमची, इथे चढ आणि तिथे घास हेही तुम्हीच सांगितलं, तर त्याचे मालक तुम्हीच होतात असं अनेक ठिकाणी धरलं जातं.

म्हणून विमा आहे का, एवढंच विचारून भागत नाही. ‘आहे’ म्हणणाऱ्याकडे कित्येकदा फक्त गाडीचा विमा असतो. विचारायचे ते दोन विमे. एक, दुसऱ्याच्या मालमत्तेला किंवा शरीराला इजा झाली तर देणारा, म्हणजे लायबिलिटीचा. दुसरा, त्याच्या स्वतःच्या कामगारांना इजा झाली तर देणारा. पहिल्यात दुसरा सहसा येत नाही, आणि घोळ होतो तो इथेच.

कागद मागा आणि हातात आला की नीट वाचा. दरपत्रकावर ज्या नावानं काम घेतलंय, तेच नाव विम्यावर आहे ना? मुदत काम संपेपर्यंत पुरते ना? धंद्याचं वर्णन काय लिहिलंय? नुसतं ‘अंतर्गत रंगकाम’ लिहिलेलं असेल आणि गडी तुमच्या छपरावर चढणार असेल, तर त्या कागदाचा काही उपयोग नाही. उंचीची मर्यादा, ज्योतीच्या कामाची अट हेही पाहा. पाइपची गळती सहा महिन्यांनी उघडकीला आली तर संरक्षण आहे का, हे स्पष्ट विचारा. आणि कागदावर तारीख पुढची असली तरी हप्ता थकल्यामुळे पॉलिसी मधेच रद्द झालेली असू शकते. विमा कंपनीला फोन करून खात्री करा, पण नंबर स्वतः शोधा. त्या कागदावर छापलेला नको. आणखी एक, तुमच्याशी गोड बोलणारा कंत्राटदार आणि प्रत्यक्ष काम करणारा पोटकंत्राटदार यांचे विमे वेगवेगळे असू शकतात. दोघांचे कागद बघा.

नळाचा वॉशर बदलायला आलेल्या माणसाकडे मी स्वतः हे सगळं मागत बसणार नाही. एकट्या कारागिराला वर्षाचा हप्ता परवडत नाही, हेही मला कळतं. काही ठिकाणी तेवढ्या कामापुरता अल्पमुदतीचा विमा मिळतो. त्याचा खर्च वाटून घ्यायला हरकत नाही. पण छप्पर, गॅस, वीज, ज्योत किंवा भिंत पाडणं यांतलं काही असेल, तर बिनविम्याच्या माणसाला मी काम देणार नाही, मग तो अर्ध्या पैशांत करून देत असला तरी. विमा असला म्हणजे फरशी सरळ बसेल असं मात्र नाही. वाकड्या फरशीचे पैसे विमा कंपनी सहसा देत नाही, त्यासाठी करारात हमी लिहून घ्यावी लागते.

आणि अपघात होऊन गेलाच असेल तर? माणसाला आधी दवाखान्यात न्या. मग फोटो काढा आणि आपल्या विमा कंपनीला कळवा. ‘आपसात मिटवून टाकू’ म्हणून कुणी चिठ्ठी पुढे केली, तर कंपनीशी बोलल्याशिवाय सही करू नका. आवराआवर करताना फुटलेला सांधा, जळालेली वायर, तुटलेली पायरी कचऱ्यात टाकू नका. पिशवीत घालून, वर तारीख लिहून बाजूला ठेवा. सर्व्हेअर आला की पहिल्यांदा तीच मागतो.