गाडीच्या तोंडावर वाळलेली पाखरे

श्रोतेहो, नमस्कार.

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की पुढच्या दोन-तीन संध्याकाळी खानदेशातल्या रस्त्यांवर पाखरांचेच राज्य असते. उधईला, म्हणजे वाळवीला, पंख फुटून ती वारुळातून थव्याने बाहेर पडते, हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबाकडे आणि बाभळीकडे झेपावतात, आणि नेमक्या त्याच वेळी धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगावकडे निघालेल्या गाडीचा पुढचा भाग सुमारे ९० किलोमीटरच्या त्या प्रवासात ओळखू येणार नाही असा होतो. बंपर, बॉनेटची कड, नंबरप्लेट, आरशांच्या पाठी आणि समोरची काच यांवर पिवळट-हिरवे ठिपके बसतात आणि एखाद्या ठिपक्यात अख्खा पंख चिकटलेला असतो. ही घाण बसू नये म्हणून काय करता येईल आणि बसल्यावर ती रंगाला धक्का न लावता कशी काढावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी जूनच्या एका रात्री एरंडोल ओलांडल्यावर काचेवर किडे आपटू लागले आणि मी सवयीने वायपर सुरू केला. काचेवर पाणी उडवणारी बाटली उन्हाळाभर कोरडी पडली होती, हे मला दांडी ओढल्यावर समजले. वायपरने किडे काढले नाहीत. त्याने ते साईसारख्या पांढरट थराच्या रूपात काचभर सारवले. समोरून आलेल्या ट्रकचे दिवे त्या थरात असे फुटले की रस्त्याच्या कडेची पट्टी दिसेनाशी झाली. गाडी बाजूला घेऊन पिण्याचे पाणी काचेवर ओतले, पाच-सात मिनिटे थांबलो, आणि मग तोच थर वर्तमानपत्राच्या ओल्या बोळ्याने सहज निघून आला. त्या रात्री पाण्याइतकाच उपयोग थांबण्याचा झाला.

असे का होते, ते स्वयंपाकघरातल्या माणसाला लगेच कळेल. किड्याच्या अंगातील द्रवात प्रथिने असतात आणि काही प्रमाणात स्निग्ध पदार्थही असतात. उष्णता लागली की प्रथिने गोठून घट्ट होतात. तव्यावर सांडलेले अंडे जसे धरून बसते, तसाच हा प्रकार आहे. शिवाय किड्याचे कवच कायटिन नावाच्या पदार्थाचे बनलेले असते आणि तो पाण्यात विरघळत नाही. आता भुसावळकडच्या उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून पाहा, म्हणजे त्या पत्र्यावर रात्रीचा ठिपका दुपारपर्यंत किती पक्का भाजला जात असेल याची कल्पना येईल. त्याहून वाईट गोष्ट पुढे घडते. मेलेल्या किड्याचे अवशेष कुजू लागले की ते आम्ल होतात आणि रंगावरच्या पारदर्शक थराला, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात, खात जातात. ठिपका पुसला गेला तरी त्याच्या आकाराचा फिकट डाग मागे राहतो, आणि तो डाग धुण्याने जात नाही, त्याला पॉलिशच करावे लागते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मे आणि सप्टेंबर महिन्यांत लव्हबग नावाच्या माशांचे थवे महामार्गांवर उतरतात, आणि तेथील वाहनधारकही त्या माशा गाडीवर वाळण्याआधी धुऊन टाकण्याच्या घाईत असतात. आपल्याकडे किडे वेगळे असले तरी ऊन तिथल्यापेक्षा कमी नाही.

म्हणून किडे खरवडू नयेत, भिजवावेत. कणीक वाळलेली परात आपण नखाने खरवडत बसत नाही. तीत पाणी घालून बाजूला ठेवतो. गाडीचेही तेच करावे. गाडी सावलीत उभी करून पत्रा निवू द्यावा. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा मोठा तुकडा पाण्यात बुडवून, न पिळता, बंपरवर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर अंथरावा आणि तो वाळू न देता अधूनमधून वरून पाणी सोडत दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. कापड हळूच उचलले की निम्मे किडे त्यालाच चिकटून येतात. उरलेल्यांची कवचे फुगून सैल झालेली असतात आणि ओल्या कापडाच्या एका हलक्या फिरवणीत सुटतात. जे सुटणार नाहीत त्यांच्यावर पुन्हा ओले कापड ठेवावे. जोर लावू नये. रस्त्याची धूळ त्या ठिपक्यांत मिसळलेली असते आणि जोराने घासले की हीच धूळ पॉलिश पेपरचे काम करते.

पाण्यात गाडीचा शांपू घालावा. कपडे धुण्याची पावडर अल्कधर्मी असते. तिने किडे निघतात, पण रंगावरचे मेणही निघून जाते. भांडी घासायची हिरवी घासणी बॉनेटवर फिरवणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करतो की, तसे करू नका. तिने उठलेले ओरखडे सकाळच्या तिरप्या उन्हात जन्मभर दिसत राहतात. रॉकेल आणि थिनरही नकोत. आजकालच्या हेडलाइटची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते, आणि थिनरने तिला बारीक तडे जाऊन ती कायमची धुरकट होते.

आता किडे चिकटू नयेत यासाठी काय करावे ते पाहू. ते आपटणे पूर्णपणे थांबवता येत नाही. पण धुऊन वाळवलेल्या गाडीवर पावसाळ्यापूर्वी मेण चढवले तर ठिपका रंगाऐवजी मेणावर बसतो आणि पाण्याने लवकर सुटतो. हे मेण काही आठवडेच टिकते, म्हणून अधूनमधून पुन्हा हात फिरवावा लागतो. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा कडक पारदर्शक थर, जास्त टिकते आणि बंपरवर लावायची पारदर्शक फिल्म त्याहूनही चांगली, पण तिच्या किमतीत जुनी मोटारसायकल येईल. समोरच्या काचेवर मात्र कोणाच्या सांगण्यावरून फिल्म लावू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काचांवरील फिल्मला मनाई केली होती.

फुकटचा उपाय वेगाचा आहे. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे ताशी ८० ऐवजी ६० किलोमीटरने गेल्यास ती सुमारे ५६ टक्क्यांवर येते. शिवाय हलकी चिलटे फुटण्याऐवजी हवेच्या झोताबरोबर काचेवरून निघून जातात. उधईचे उडणे तिन्हीसांजेनंतर फार वेळ चालत नाही, तेव्हा तेवढा वेळ चहाच्या टपरीवर काढणे हे मेणापेक्षा स्वस्त पडते. मात्र तेथे गाडी ट्यूबलाइटखाली उभी करू नये आणि हेडलाइट बंद करावेत.

इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरकडे फारसे कोणी पाहत नाही. पुढच्या जाळीतून आत गेलेले किडे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत अडकून हवेची वाट बंद करतात आणि घाट चढताना, विशेषतः चाळीसगावहून कन्नडकडे जाताना, तापमानाचा काटा वर सरकू लागतो. इंजिन थंड असताना साध्या पाइपच्या मंद धारेने, शक्य असल्यास आतून बाहेर, हा भाग धुवावा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने ते पत्रे वाकतात. काही जण पुढे मच्छरदाणीचा तुकडा बांधतात. तो पावसाळ्यातील रात्रीपुरता ठीक आहे, पण आपल्या उन्हाळ्यात त्याने हवाच अडते.

धुताना हातात मोजे असावेत. बाजरी फुलोऱ्यात असताना हिंगे या भुंगेऱ्यांचा सुळसुळाट असतो आणि त्यांच्या अंगातील द्रव कातडीला लागल्यास फोड येतात. मेलेला हिंगाही त्याला अपवाद नाही. मोटारसायकलस्वारांनी हेल्मेटची काच याच पद्धतीने, ओला कपडा ठेवून, स्वच्छ करावी आणि रात्री ती खाली घेऊनच गाडी चालवावी. तरीही डोळ्यात किडा गेलाच, तर गाडी थांबवावी, डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने तो भरपूर धुवावा, आणि आग थांबली नाही तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

नमस्कार.