घोड्यांची वाट आणि सिमेटरीतला नळ

नमस्कार श्रोतेहो. आज तुम्हाला फ्रान्समध्ये नेणार आहे. पॅरिसला नाही, आयफेल टॉवरला नाही. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला अटलांटिक समुद्रात घुसलेला एक प्रांत आहे, ब्रिटनी. त्याच्या आतल्या खेड्यांमधून सायकलनं जायचं आहे, आणि अशा वाटेनं, जिथे मोटारच येत नाही.

पुण्या-नाशिकची आपली सायकलस्वार मंडळी ब्रिटनीला ओळखतात ती पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसमुळे. 1891 साली सुरू झालेली ही सायकलवारी आता दर चार वर्षांनी होते. 1200 किलोमीटर, 90 तासांत. ती पुरी करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. पण मी छप्पन्न वर्षांचा माणूस, दिवसाला पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर चालवणारा. माझी वाट निराळी.

ही वाट कालव्याच्या काठाची. नांत शहरापासून ब्रेस्त या आरमारी बंदराच्या बाजूला जाणारा हा कालवा सुमारे 360 किलोमीटर लांब आहे. नेपोलियनच्या काळात इंग्रजांची जहाजं समुद्रात फ्रेंच बंदरांची नाकेबंदी करून बसायची. मग आरमाराचा माल जमिनीवरूनच, पण पाण्यातून न्यावा, असा विचार झाला. 1811 मध्ये काम सुरू झालं आणि 1842 मध्ये कालवा पुरा झाला. मालाच्या होड्या काठावरून घोडे ओढायचे. घोड्याला चढ नको, म्हणून ती वाट सपाट. आज तीच घोड्यांची वाट सायकलींना मोकळी आहे. दाबून बसवलेली बारीक खडी, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ओक आणि चेस्टनट. पुन्हा सांगतो, वाट सपाट आहे. गुडघे दुखतात म्हणून घरी बसलेल्यांनी हे ऐकावं.

चढ आला की कालव्याला लॉक असतो. दोन दारांमधला पाण्याचा हौद, होडीला एक पायरी वर चढवणारा. असे दोनशेच्या वर लॉक आहेत. प्रत्येकाशेजारी छोटं दगडी घर, घरावर लॉकचा नंबर आणि पुढचा लॉक किती लांब ते लिहिलेलं. रोहाँ ते पोंतिव्ही या पंचवीसेक किलोमीटरांत पन्नासहून जास्त लॉक लागतात. मी ते मोजत गेलो.

आता सायकलबद्दल एकच सांगतो. सायकलला घंटी हवी, कॅरिअर हवं आणि मडगार्ड हवं. ब्रिटनीत पाऊस कधीही येतो. आपल्याकडे तीस-चाळीस हजारांची सायकल घेतात आणि तिला मडगार्ड नसतं, घंटी तर नसतेच. मागून येऊन माणसाला दचकवून जाणं हा उद्धटपणा आहे. घंटी म्हणजे ‘येऊ का?’ असं विचारणं. असो.

मला आज खरं तर एका नळाची गोष्ट सांगायची आहे.

माझी भाची नांतला शिकते. सप्टेंबरात आम्ही दोघं निघालो. सहाव्या दिवशी आम्ही ग्लोमेलच्या अलीकडे होतो. रविवार होता, दुपारचे तीन वाजलेले. ऊन चांगलंच तापलं होतं. तिथे रविवारी दुपारी खेड्यातलं दुकान बंद, बेकरी बंद, कॅफेही बंद. आमच्या चारही बाटल्या कोरड्या होत्या. कालवा सोडून आम्ही एका छोट्या गावात शिरलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाची म्हणाली, “मामा, सिमेटरीत चल. तिथे नळ असतो.”

मी थांबलोच. आमच्या घरी स्मशानातून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तिथलं पाणी प्यायचं? भाची म्हणाली, “अरे, फुलांना घालायला असतो तो नळ. सगळे सायकलवाले तिथूनच भरतात.” तहान पुढे, मी मागे, असे आम्ही फाटकातून आत गेलो.

आत एक आजी होत्या. ऐंशीच्या पुढच्या. निळा एप्रन, पायात रबरी बूट. ब्रशनं एका कबरीचा ग्रॅनाइट घासत होत्या आणि घासता घासता बोलत होत्या. मला वाटलं, आम्हालाच काही सांगताहेत. भाचीनं कान दिला आणि हळूच म्हणाली, “मामा, हे फ्रेंच नाही.” त्या ब्रेटन, म्हणजे ब्रिटनीची जुनी बोली, बोलत होत्या, त्या दगडाखालच्या माणसाशी.

आमच्या हातातल्या बाटल्या पाहिल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला. नळापाशी आल्या. नळ सोडला आणि तसाच वाहू दिला, पाइपात तापलेलं पाणी निघून जाईपर्यंत. मग ओंजळ धरली आणि आधी स्वतः प्यायल्या. दोन घोट. मग आमच्याकडे बघून मान हलवली, घ्या.

माझ्या मनातलं त्यांना कळलं होतं की त्यांची रीतच तशी होती, मला माहीत नाही. पण त्यांनी आधी प्यायलेलं मी पाहिलं आणि माझा संकोच गेला. चारही बाटल्या भरल्या. मला ब्रेटनचा एकच शब्द येत होता. तंबू लावायच्या जागी, पोंतिव्हीजवळ, एका माणसानं शिकवलेला. ‘त्रुगारे’, म्हणजे आभारी आहे. मी म्हटलं, “त्रुगारे.”

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग फ्रेंचमध्ये भाचीला विचारलं, यांना हा शब्द कुणी शिकवला? भाचीनं सांगितलं. मग आजी नळाच्या कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, या शब्दापायी माझ्या गळ्यात खडावा लटकवला होता.

ब्रिटनीच्या शाळांत ही पद्धत होती, श्रोतेहो. जो मुलगा ब्रेटन बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात लाकडी खडावा किंवा तसलीच एखादी वस्तू अडकवायची. ती उतरवायची असेल तर दुसऱ्या कुणाला बोलताना पकडून द्यायचं. आजींनी आपल्या धाकट्या बहिणीला पकडून दिलं होतं. ते सांगताना त्या एप्रनच्या टोकाला पीळ घालत होत्या. पुढे मुलांशी त्या फ्रेंचच बोलल्या. ब्रेटन नवऱ्याशी तेवढी राहिली, आणि तो गेल्यावर इथे.

मी धुळे जिल्ह्यातला. घरात अहिराणी. ‘कुठे’ला मी ‘कथा’ म्हणायचो आणि वर्ग हसायचा, गुरुजीही हसायचे. माझ्या गळ्यात कुणी काही अडकवलं नाही, पण मीही माझ्या मुलांशी अहिराणी बोललो नाही. हे मी भाचीला मराठीत सांगितलं, तिनं आजींना फ्रेंचमध्ये. आजींनी विचारलं, तुमच्या भाषेत आभार कसे मानतात? आणि मला सांगता येईना. आमच्या घरात आभार कधी मानलेच नाहीत कुणी. पाणी दिलं तर प्यायचं आणि तांब्या उपडा ठेवायचा. भाचीनं ते भाषांतर केलं तेव्हा आजी खूप हसल्या. निघताना ‘केनावो’ म्हणाल्या. म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत.

शिक्षकांना हात जोडून विनंती आहे. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, पावरी, पोर काहीही बोलो, वर्गात त्याला हसू देऊ नका.

त्याच संध्याकाळी ग्लोमेलची मोठी खोदाई लागली. कालव्याचा हा सर्वांत उंच भाग. सुमारे 3 किलोमीटरचा चर, खोल आणि सावलीचा. 1823 ते 1832 या काळात ब्रेस्तच्या तुरुंगातल्या कैद्यांकडून तो खणून घेतला. आमच्या पायाखालची सपाट वाट त्यांच्या कुदळींनी झालेली. तिथे थांबून आम्ही बाटल्यांतलं ते नळाचं पाणी प्यायलो.

वेळ संपत आली. सप्टेंबरात जा. वाटेत ब्लॅकबेरी पिकलेल्या असतात. जोसलँचा किल्ला नदीच्या पाण्यात पाय सोडून उभा आहे, तो चुकवू नका. गेरलेदाँला धरणानं कालवा तोडला आहे, तिथे चढ-उतार लागतील, घाबरू नका. कुट्टूच्या पिठाची गालेत खा, आपल्या धिरड्यासारखीच, मधे अंडं फोडलेली. सिमेटरीत नळावर ‘नों पोताब्ल’, म्हणजे पिण्याजोगं नाही, असं लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका. आणि पुन्हा सांगतो, रविवारी दुपार व्हायच्या आत पाव घेऊन ठेवा. पाव नंतर मिळणार नाही. पाणी मिळेल.

नमस्कार.