दोर कुठे घासतो?

(दृश्य: ओहोटीला उघडा पडलेला कातळ. कपारींत कालवं. लाट ओसरतेय.)

देवगड-मालवण पट्ट्यात गळ टाकून मासे गरवायला उभं राहायचं, तर आधी हा कातळ नीट बघून घ्या. कालवांच्या या कडा चपलेचा तळवा कापतात. याच कपारींत तांबोशी राहते. आमिष तोंडात धरलं की ती मोकळ्या समुद्राकडे पळत नाही, थेट आपल्या कपारीत शिरते. तिला वळवायला हातात दोन-तीन सेकंदच मिळतात.

गळाची दोरी, म्हणजे लाईन, घ्यायला दुकानात गेल्यावर आपण पहिल्यांदा विचारतो, "किती किलोची लाईन आहे?" हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं, की आपली लाईन कशाला घासणार आहे.

(दृश्य: भिंगाखाली तंगूस आणि ब्रेडेड लाईन शेजारी शेजारी.)

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच अखंड धागा. ब्रेडेड लाईन म्हणजे ४ किंवा ८ पेडांची घट्ट वेणी. धागा पॉलिथिलीनचा, पण त्यातले रेणू अतिशय लांब आणि एकाच दिशेने ओढून बसवलेले. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीने काढलेला 'डायनीमा' हा यातलाच. १५ किलोचा तंगूस जवळपास अर्धा मिलिमीटर जाड असतो. तेवढंच वजन पेलणारी ब्रेडेड लाईन साधारण निम्म्या जाडीत मिळते. त्यामुळे रिळावर जास्त मावते, लांब जाते आणि भरतीच्या ओढीला कमी सापडते.

दुसरा गुण ताणाचा. तंगूस तुटण्याआधी शेकडा वीसेक तरी लांबतो, ब्रेडेड लाईन जेमतेम तीन-चार. शिसं वाळूवरून दगडावर सरकलं, तर रॉड धरलेल्या बोटाला लगेच कळतं.

(दृश्य: ताणलेली लाईन कालवाच्या कडेवर. तुटते.)

पण हे बघा. ताणलेल्या बारीक धाग्यांना ही कड एका क्षणात कापते. म्हणून कातळावर ब्रेडेड लाईन थेट गळाला बांधायची नाही. पुढे दीड-दोन मीटर जाड तंगूस किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाआधीचा जोड, हवाच. खाडीत जिताड्यासाठीही तेच, कारण त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड धारदार असते. सुरमईच्या दातांपुढे मात्र लीडरही टिकत नाही, तिथे तारच लावावी लागते.

(दृश्य: भंडारा जिल्ह्यातला मामा (माजी मालगुजारी) तलाव. पाण्यावर कमळाची पानं.)

गोड्या पाण्यात हिशेब बदलतो. मरळ पानांच्या दाटीत दबा धरून असते. रबरी बेडूक पानांवरून सरकवत आणला की खालून उसळते आणि लगेच देठांच्या गुंत्यात घुसते. इथे ४ पेडांची, जराशी खरबरीत लाईन घ्यावी. ती देठ कापत येते. ८ पेडांची लाईन गुळगुळीत असते, रॉडच्या कड्यांतून आवाज न करता लांब जाते, पण तिचा प्रत्येक पेड बारीक. अशा घासाघाशीत ती लवकर पिंजते. मरळीचं तोंड हाडाचं असतं, त्यामुळे न ताणणाऱ्या लाईनचा हिसका गळ नीट रुतवतो.

तोच हिसका कटल्याच्या मऊ ओठाला बसला, तर ओठ फाटून मासा सुटतो. कटला-रोहूसाठी महागडी ब्रेडेड लाईन घेऊच नका. तंगूस चांगला. त्याचा ताण इथे कामाला येतो.

(दृश्य: लाईनचे डबे. बोट आकड्यांवरून फिरतं.)

आता डब्यावरचे आकडे. किलो किंवा पौंड सगळ्यात शेवटी वाचा, आधी जाडी वाचा. जपानी मोजणीत जाडीला पीई क्रमांक देतात: पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, पीई २ म्हणजे ०.२३५. पीई १ एवढ्या बारीक लाईनवर कोणी ३० किलोचा दावा छापला असेल, तर डबा खाली ठेवा. कातळासाठी पीई ३ ते ४, खाडीसाठी पीई २ हा माझा सल्ला.

(दृश्य: गाठ आवळताना हात.)

हा धागा साधारण १४५ अंशांना वितळतो. कोरडी गाठ झटक्यात आवळली, तर घर्षणानेच ती कमजोर होते. आधी थुंकी लावा, मग सावकाश ओढा. रिळावर तळाला थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर अख्खी लाईन रिळावर गोल फिरते. गळ अडकला तर लाईन हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, ती बोटं कापते. आणि तुटलेले तुकडे कातळावर टाकू नका. ते कुजत नाहीत, पक्ष्यांच्या पायांत अडकतात.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा; पेडांमधलं मीठ निघायला हवं. पुढची पन्नासेक मीटर पिंजली, म्हणून लगेच सगळी लाईन फेकायचीही गरज नाही. ती दुसऱ्या रिळावर उलटी गुंडाळा. तळाची, पाणी न लागलेली लाईन वर येते आणि मजेत वापरता येते.