डबलबारीचा कान

(मालवणातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पाऊस अजून पुरता गेलेला नाही, तरी एवढे जण आलात, आणि तेही रॉक आणि इलेक्ट्रॉनिक अल्बमांबद्दल ऐकायला. मला फार बरं वाटलं.

कुठले अल्बम गरजेपेक्षा जास्त डोक्यावर घेतले गेले आणि कुठल्यांना त्यांच्या वाट्याचा मान मिळाला नाही, असा आजचा विषय. मी सांगणार ती माझी मतं आहेत. पण ती मी कुठल्या कानाने बनवली, ते आधी सांगतो. तो कान डबलबारीचा आहे.

तुमच्यातल्या बहुतेकांनी रात्र जागून डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकली असेल. समोरासमोर दोन बुवा, दोघांचे पखवाजी, झांजवाले, मागे कोरस. पहाटे घरी परतताना वाटेतच वाद सुरू होतो. याचा गजर चढला, त्याची गवळण पडली, अमका नुसत्या आवाजावर निभावून गेला, चालीत काही नव्हतं. हा निवाडा करताना आपण कुणाला विचारायला जात नाही. बुवाचं नाव केवढं, मुंबईत त्याच्या बाऱ्या किती होतात, याने काही बदलत नाही. त्या रात्री कानाला काय लागलं, तेवढंच बघतो. मग हाच माणूस रॉक ऐकायला बसला की परदेशी मासिकाची ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ यादी का पुढ्यात घेतो? आपला पहाटेचा कान तेव्हा कुठे जातो?

आमच्या वाडीत हे संगीत यायचं ते चतुर्थीला, चाकरमान्यांच्या बॅगेतून. माझा आतेभाऊ परळला राहायचा. मोदकांचं सामान, मुलांचे नवे कपडे आणि तळाला पाच-सहा कॅसेट. विसर्जन झालं की तो परत जायचा आणि कॅसेट माझ्याकडे राहायच्या. पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरायची. मी त्या तांदळाच्या डब्यात, तांदळात खुपसून ठेवायचो. आईला ते पसंत नव्हतं, पण तिने कधी काढून टाकल्या नाहीत.

त्यात ईगल्स या अमेरिकन बँडचा ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ होता, १९७६चा. कोकणातल्या कुठल्याही कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार घेतलेला मुलगा असला की हे गाणं होणारच. शेवटी दोन गिटारी एकमेकींना धरून उतरत येतात ती जागा सगळ्यांना पाठ आहे, आणि ती सुंदरच आहे. पण अल्बम म्हणून त्याचं नाव घेणाऱ्यांना मी विचारतो, चौथं गाणं कुठलं? बहुतेकांना आठवत नाही. एक गाणं गाजलं आणि त्याच्या आधाराने अख्खा अल्बम मोठा ठरला. मधली बरीच गाणी सफाईदार आहेत, त्यापलीकडे काही नाही.

आता गंमत ऐका. माझी कॅसेट साठ मिनिटांची होती. भरून देणाऱ्या दुकानदाराने एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, असे दोन अल्बम तीस-तीस मिनिटांत कोंबले होते. मूळ अल्बम त्रेचाळीस मिनिटांचा. त्यामुळे शेवटची दोन-अडीच गाणी माझ्या कॅसेटवर नव्हतीच. शेवटचं गाणं ‘द लास्ट रिसॉर्ट’ मी नोकरीला लागल्यावर ऐकलं. सात मिनिटांहून मोठं आहे ते. सुंदर जागा शोधत माणसं येतात, तिथे वस्ती करतात आणि त्या येण्यानेच ती जागा संपत जाते, असा त्याचा आशय. तारकर्लीपासून देवबागपर्यंत किनाऱ्याच्या जमिनी कशा हातांतून गेल्या हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी हे गाणं ऐकायला हवं. या अल्बममधलं आपल्या सर्वांत जवळचं गाणं तेच, आणि तिथवर कुणी पोचत नाही. पहिल्या गाण्याला जास्त मिळालं, शेवटच्याला फार कमी.

आता बीटल्स. इथे काही जण माझ्यावर रागावतील, माझी तयारी आहे. ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’, १९६७. कित्येक याद्यांत पहिल्या क्रमांकावर. कव्हर विलक्षण, कल्पना विलक्षण, त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी चार ट्रॅकच्या ध्वनिमुद्रण यंत्रावर केलेलं काम थक्क करणारं. पण गाणी एकेक करून ऐका. अर्ध्याअधिक गाण्यांत सजावट चालीपेक्षा जास्त बोलते. त्याच्या एकच वर्ष आधीचा, १९६६चा ‘रिव्हॉल्व्हर’ त्याहून मोठा अल्बम आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याचं शेवटचं गाणं घ्या. खाली तंबोरा धरलेला, गाणं जवळपास एकाच स्वरसंगतीवर, म्हणजे कॉर्डवर, उभं, आणि वर टेपचे तुकडे गोल जोडून केलेले लूप फिरताहेत. पुढे तीस-चाळीस वर्षं इलेक्ट्रॉनिक संगीतवाले जे करत राहिले, त्यातलं पुष्कळ त्या तीन मिनिटांत आहे.

आणि एक गोष्ट आपल्या कानाची. ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या ‘लव्ह यू टू’ या गाण्यात तबला आहे, आणि कव्हरवर वादकाचं नाव छापलंय: अनिल भागवत. पुढच्या वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’मध्येही एक संपूर्ण भारतीय वळणाचं गाणं आहे. त्यात दिलरुबा आहे, तबला आहे. कव्हरवर पन्नासाहून जास्त प्रसिद्ध चेहरे आहेत, पण ते वाजवणाऱ्या एकाही भारतीयाचं नाव त्यावर नाही. मी हे विसरू शकत नाही. ज्याने वाजवलं त्याचं नाव घ्यायचं, एवढं तर आपल्या बारीत पखवाजवाल्यासाठीही पाळलं जातं.

जे गाजलं ते सगळंच फुगवलेलं, असं मात्र मी म्हणत नाही. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ साली आला आणि १९८८पर्यंत अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत ७४१ आठवडे राहिला. त्याला मिळालेलं सगळं त्याचं हक्काचं आहे. त्यात एक गाणं आहे, शब्द नसलेलं. क्लेअर टॉरी नावाच्या गायिकेने नुसत्या आवाजावर गायलेलं, म्हणजे आपल्या भाषेत आलापच. आजी पडवीत सुपारी कातरत बसली होती आणि मी ते लावलं. ती अडकित्ता थांबवून म्हणाली, “ती बाय रडता कित्याक रे?” इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता. ते गाणं मरणाबद्दल आहे हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं, तिला पहिल्या मिनिटात लागलं. त्या गाण्याचे टॉरीबाईंना तेव्हा ३० पौंड मिळाले होते. सहरचनाकार म्हणून त्यांचं नाव लागायला २००५ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

याच बँडचा १९७१चा ‘मेडल’ मात्र मागे राहिला. त्याची दुसरी बाजू म्हणजे एकच रचना, तेवीस मिनिटांची. आधी पियानोचा एक थेंब पडतो. ती एकट्याने, रात्री ऐका. त्यावर मी जास्त बोलत नाही.

अलीकडचा गाजलेला इलेक्ट्रॉनिक अल्बम म्हणजे डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा २०१३चा ‘रॅन्डम ॲक्सेस मेमरीज’. ग्रॅमीमध्ये वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरला. नामवंत वादक, निर्दोष ध्वनिमुद्रण. मला त्यात घासूनपुसून ठेवलेल्या दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटतं. त्यांच्याच २००१च्या ‘डिस्कव्हरी’त जीव जास्त आहे.

आता ज्यांच्यासाठी मी खरं तर इथे उभा आहे, त्यांच्याकडे येतो.

जर्मनीतल्या टँजरीन ड्रीमचा ‘फीड्रा’, १९७४. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमच्याकडे वीज गेलेली होती, टेपरेकॉर्डर सेलवर. तुम्हाला आठवत असेल, सेल उतरायला लागले की गाणं हळूहळू खाली घसरतं, गायकाचा आवाज जाडा होतो. पंधरा-वीस मिनिटांची ती रचना, खाली सिक्वेन्सरची, म्हणजे भरलेले सूर आपोआप फिरवत राहणाऱ्या यंत्राची, एकसारखी धाव, आणि तिचा सूर सरकत चाललेला. मी म्हटलं, सेल गेले. बाजारातून नवे चार सेल आणून घातले, पुन्हा लावलं. सूर त्याच जागी, तसाच सरकला. टेपरेकॉर्डरचा दोष नव्हताच. मुळात त्यांचा मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, तापत जाईल तसा सुरातून हलायचा, आणि ते हलणं त्यांनी ध्वनिमुद्रणात राहू दिलं होतं. पावसात तबल्याची पुडी कशी उतरते, दर दोन अभंगांनी हातोडी कशी घ्यावी लागते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात यंत्राची चूक ऐकू येणार नाही. हवेने वाद्य बदलतं, हे आपल्याला ठाऊक आहे. इलेक्ट्रॉनिक संगीत थंड असतं, निर्जीव असतं असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा अल्बम देतो.

दुसरा टॉक टॉक या इंग्लिश बँडचा ‘स्पिरिट ऑफ ईडन’, १९८८. या बँडची आधीची गाणी रेडिओवर, टीव्हीवर चाललेली. कंपनीला आणखी तशीच हवी होती. यांनी लंडनमध्ये, चर्चच्या जुन्या हॉलमध्ये असलेल्या स्टुडिओत जवळजवळ अंधार केला, वादक बोलावले, त्यांना मोकळं वाजवू दिलं आणि त्या ढिगातून वेचक तुकडे ठेवले. अल्बम सुरू होतो तो लांबून येणाऱ्या ट्रम्पेटने. मग बराच वेळ जवळपास काहीच होत नाही. कंपनीला हे विकावं कसं ते कळेना.

दशावतारात राक्षस रंगमंचावर येण्याआधीची घटका आठवा. पेटी थांबलेली, झांज थांबलेली, पखवाजावर बोटं नुसती टेकलेली. जत्रेतली हजार माणसं गप्प. त्या थांबण्यामुळे पुढची थाप अंगावर येते. ‘स्पिरिट ऑफ ईडन’ अशा थांबण्यांनी भरलेला आहे. पहिल्या बाजूची तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात, आणि गिटारचा एक ओरखडा आला तरी दचकायला होतं. या बँडचे गायक मार्क हॉलिस २०१९ साली गेले. आज जाणकार त्यांचं नाव आदराने घेतात, पण दहा माणसांना विचारलं तर नऊ जणांनी ते ऐकलेलं नसतं.

आणि शेवटी आपल्याकडचा. चरणजित सिंग. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून आयुष्य काढलेला माणूस. १९८२ साली त्यांनी एक अल्बम केला, नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. तीन यंत्रं, तिन्ही रोलंड कंपनीची: तालाला टीआर-८०८, खालच्या सुराला टीबी-३०३, वर रागाला ज्युपिटर-८. अल्बम चालला नाही, विसरला गेला. २०१०मध्ये नेदरलँड्समधल्या एका कंपनीने तो पुन्हा काढला आणि जगभर खळबळ उडाली. कारण शिकागोत टीबी-३०३ वापरून ‘ॲसिड हाउस’ नावाचा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार १९८७च्या सुमाराला पुढे आला, आणि हा माणूस मुंबईत पाच वर्षं आधी तसाच आवाज काढून बसला होता.

माझी तक्रार इथेच आहे. त्यांचं कौतुक होतं ते ‘शिकागोच्या आधी’ म्हणून. म्हणजे मोजपट्टी पुन्हा तिकडचीच. पहिला कोण, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण शर्यत जिंकली म्हणून कुणी बुवा चढत नाही. त्यांनी केलंय काय ते ऐका. टीबी-३०३ हे एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र. त्यात एकदा ओळ भरली की ती फिरत राहते. पाश्चात्य गाण्यात स्वरसंगती बदलत जाते, तशी त्याची ओळही बदलावी लागते. रागात तसं बदलायचं नसतं. सिंग यांनी त्या फिरणाऱ्या ओळीत रागाचेच स्वर भरले, आणि ती तंबोऱ्याच्या जागी जाऊन बसली. ते यंत्र बनवणाऱ्यांच्या मनातही हे नसेल. वर ज्युपिटरवर ते राग मांडतात तेव्हा एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जातात, मींड घ्यावी तसे. त्यांचा भूप ऐका, सा रे ग प ध, पाचच सूर, आणि एकही ओळ भूप सोडून बाहेर जात नाही. मालकंस तर मी गेल्या पावसात महिनाभर ऐकत होतो.

त्याला मर्यादाही आहेत. दहाही रागांना ठेका जवळपास सारखाच, आणि सगळे राग पाच-पाच मिनिटांत उरकलेले. विस्ताराला जागा नाही. पण ही उणीव काढायची तर रागाच्या हिशेबाने काढावी, आणि दाद द्यायची तीही त्याच हिशेबाने द्यावी. ते करायला शिकागोच्या माणसापेक्षा या सभागृहातली माणसं जास्त लायक आहेत. सिंग २०१५ साली मुंबईत गेले. शेवटच्या काही वर्षांत परदेशात त्यांचे कार्यक्रम झाले, तरुण मुलं त्यांच्यासमोर नाचली. कोकणात त्यांचं वाजवणं असं सगळ्यांनी मिळून बसून ऐकल्याचं निदान माझ्या कानावर आलेलं नाही.

म्हणून आज ऐकू या. मी ललित निवडलाय. पहाटेचा राग आहे, आपण संध्याकाळी ऐकतोय, तेवढं चालवून घ्या. दोन्ही मध्यम आहेत, पंचम नाही. पंचम नसताना खालची ती फिरणारी ओळ कशावर टेकते, तेवढ्यावर कान ठेवा. मग बाहेर चहा आहे, तिथे काय तो वाद घालू. बाळा, मागचे पंखे बंद कर, घरघर होते. हं, लाव आता.