मुलगा तिथं कुठल्या कागदावर राहतो?

नमस्कार मंडळी. आपल्याकडे फोंडा असो, पेडणे असो की डिचोली, लग्न जुळवताना पगार विचारतात, घर विचारतात, गोत्र-कुलदैवत तर विचारतातच, पण मुलगा 'लंडनला असतो' म्हटलं की पुढचं कोणी काही विचारत नाही. म्हणून आज मी एकच गोष्ट सांगायला आलोय. साखरपुड्याच्या आधी विचारा, तो तिथं कुठल्या कागदावर, म्हणजे कुठल्या व्हिसावर किंवा पासपोर्टवर राहतो? आणि हा प्रश्न मुलीनेच विचारावा, मामाने किंवा एजंटने नाही, कारण पुढची काही वर्षं तिला त्या कागदाच्या आधारानेच काढायचीयत.

आता बघा, तो ब्रिटनमध्ये स्टुडंट व्हिसावर असेल आणि त्याचा कोर्स 1 जानेवारी 2024 ला किंवा त्यानंतर सुरू झालेला असेल तर, पीएचडीसारखं रिसर्च किंवा सरकारी शिष्यवृत्तीचा कोर्स सोडला तर, बायकोला डिपेंडंट, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेली म्हणून नेताच येत नाही. केअर होममधल्या कामाच्या व्हिसावर 11 मार्च 2024 पासून गेलेल्यांचंही तेच. हॉल बुक झाला, पत्रिका वाटल्या, आणि मग हे कळतं, त्या मुलीच्या मनाचं काय होत असेल सांगा.

आपल्याकडचा मोठा विषय पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांचा. आजोबा किंवा वडील 19 डिसेंबर 1961 च्या आधी, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडे असताना इथं जन्मलेले, लिस्बनला नोंद केली, पासपोर्ट घेतला, इंग्लंडमधल्या स्विंडनला गेले. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर, यात एक तारीख फार महत्त्वाची झाली, 31 डिसेंबर 2020. तेव्हा मुलगा तिथं राहत होता आणि तुमचं लग्न त्याच्या आधीचं असेल तर तिथं आधीपासून राहणाऱ्या युरोपियन नागरिकांसाठीच्या सेटलमेंट स्कीमचा फॅमिली परमिट मिळतो, त्याला फी नाही, इंग्रजीची परीक्षा नाही. लग्न नंतरचं असेल तर मात्र ब्रिटिश नागरिकाच्या बायकोला जो स्पाउस व्हिसा लागतो तोच, पासपोर्ट पोर्तुगीज असला तरी काही फरक पडत नाही. म्हणजे 11 एप्रिल 2024 पासून वर्षाला 29,000 पाउंडांचं उत्पन्न दाखवायचं (आधी 18,600 चालायचं), आणि मुलगी इथं बँकेत कितीही चांगल्या पगारावर असली तरी तिचा इथला पगार त्यात धरत नाहीत. नुसत्या बचतीवर भागवायचं तर 88,500 पाउंड, तेही सहा महिने खात्यात पडून असलेले. वर हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, वर्षाला 1,035, पहिला व्हिसा 33 महिन्यांचा असल्यामुळे तीन वर्षं धरून एकदम 3,105 पाउंड भरावे लागतात, अर्जाची फी वेगळी, टीबीची टेस्ट आणि इंग्रजीची ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची परीक्षा वेगळी.

तोच पोर्तुगीज पासपोर्टवाला आयर्लंडला नोकरी करत असेल तर गोष्ट पूर्ण बदलते. युरोपियन युनियनचा नागरिक स्वतःचा देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल तर त्याच्या बायकोचा व्हिसा फुकट आणि लवकर द्यावा असा 2004 चा नियमच आहे. माणूस तोच, पासपोर्ट तोच, देश बदलला की नियम बदलला.

आता आपल्या इकडचं काम. गोव्यात मंगलाष्टकं झाली, जेवणावळ झाली, तरी सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही आणि मग दुसरी सही झाल्याशिवाय फाइल पुढे जात नाही, या दोन सह्यांमध्ये दिवस जातात, आणि मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला असतो. रजिस्ट्रारकडे आधी चौकशी करा, मग तिकीट काढा.

दुसरं, लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत. तांदळात नवं नाव लिहा, हाक मारा, पण व्हिसा हातात पडेपर्यंत कागदावर जुनंच राहू दे. एक नाव पासपोर्टवर, दुसरं सर्टिफिकेटवर, आणि वडिलांचं आडनाव जुन्या नोंदीत पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगचं, मग ही सगळी एकच माणसं आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. एजंट म्हणाला बँक स्टेटमेंट 'करून देतो' तर तिथून उठा. खोटं सापडलं तर दहा वर्षं बंदी येऊ शकते, आणि अर्ज मुलीच्या नावावर असतो, एजंटच्या नाही.

आणि आईवडिलांनो, हे नीट ऐका. नवरा ब्रिटिश किंवा सेटल्ड, म्हणजे तिथं कायम राहण्याचा हक्क मिळालेला असेल आणि घरात मारहाण, छळ झाला म्हणून नातं तुटलं, तर तिथल्या कायद्यात तिला स्वतःच्या नावाने कायम राहण्याचा अर्ज करता येतो. 'सोडलंस तर परत पाठवीन' असं नवऱ्याने धमकावलं तरी ते त्याच्या हातात नसतं. वर्क व्हिसावरच्या नवऱ्याच्या बायकोला ही सोय तशी नाही, थोड्या काळाची सवलत तेवढी मिळते. मुलगी विमानात बसायच्या आधी हे तिला माहीत हवं, तिच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी तिच्या स्वतःच्या ईमेलमध्ये हवी, आणि त्याचा पासवर्ड फक्त तिच्याकडे.