फिल्टरवरचा निळा धागा

नमस्कार मंडळी, आज एका निळ्या धाग्याबद्दल बोलायचंय. नदीचं पाणी गाळलं, फिल्टर मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मधोमध हा पठ्ठ्या, केसापेक्षा बारीक, लांबीला जेमतेम अर्धा मिलिमीटर. 5 मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिक म्हणजे मायक्रोप्लास्टिक, तर मग हे नक्की तेच, असं वाटतं ना? पण निळा रंग काय, कशालाही देता येतो.

म्हणून मग एफटीआयआर. म्हणजे कणावर इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा, आतला प्रत्येक रासायनिक बंध आपापल्या तालात थरथरतो आणि त्या तालाचाच प्रकाश गिळतो, आणि कुठे किती गिळला याचा ग्राफ मशीन काढून देतं. पिशव्यांचं पॉलिइथिलीन असलं की 2915 आणि 2848 वेव्हनंबरला (म्हणजे एका सेंटिमीटरात किती लहरी बसतात तो आकडा, ग्राफची आडवी पट्टी) दोन उंच पीक, म्हणजे सुळके, शेजारी शेजारी उभे, आणि बाटलीचं पीईटी असलं की 1715 च्या आसपास एक ठसठशीत पीक.

आता कण 10-20 मायक्रॉनपेक्षा बारीक असला की हे मशीन हात टेकतं, मग रामन. हो, सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये शोधलेला तोच परिणाम. लेसर मारायचा, विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किती बदलला त्याचा ग्राफ बघायचा, एक मायक्रॉनपर्यंतचं दिसतं, पण सॅम्पलमधला गाळ, शेवाळ नीट गेलं नसेल तर ते स्वतःच चमकायला लागतं आणि पीक त्यात बुडून जातात, म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये सगळं मुरवायचं, कंटाळवाणं काम आहे पण टाळलं की रडायची वेळ येते.

आणि सॉफ्टवेअर आपला ग्राफ साठवलेल्या ओळखीच्या ग्राफशी ताडून ९० टक्के मॅच म्हणालं म्हणून नाचू नका हं! मी नाचले होते. फिल्टरभर पॉलिइथिलीन! नंतर ग्राफ नीट बघितला तर 1540 च्या आसपास एक आगाऊ पीक, म्हणजे ते ग्लोव्हजवरचं स्टिअरेट, साबणासारखं, त्याची लांब साखळी अगदी पॉलिइथिलीनसारखीच दिसते.

बरं, तो निळा धागा. 2915 च्या तिथे जोडी नाहीच, उलट 3300 ला रुंद फुगवटा आणि 1000 ते 1100 मध्ये मोठा डोंगर, म्हणजे सेल्युलोज, सुती. मग ब्लँक काढला, म्हणजे नुसतं स्वच्छ पाणी गाळलेला फिल्टर, तर त्यावरही तसलेच दोन. खाली बघितलं, लॅबकोटाची बटणं उघडी आणि आत माझी जीन्स.